हाडाची म्हणवणारी प्रथिनं

मराठीत एखाद्याला 'हाडाचा शिक्षक' म्हटलं, की त्याच्या पदवीचा नि पगाराचा संबंध संपतो. शिकवणं त्याच्या अंगात मुरलेलं आहे, एवढाच अर्थ. 'ऑस्टिओ'नं सुरू होणारी प्रथिनांची नावं समोर आली की मला हा वाक्प्रयोग आठवतो. यांतलं हाडाचं नेमकं कोण?

ग्रीक 'ऑस्टिऑन', लॅटिन 'ऑस' आणि संस्कृत 'अस्थि' ही एकाच घरातली भावंडं. मराठी 'हाड' मात्र थेट त्या घरातलं नव्हे. ते प्राकृत 'हड्ड'वरून आलं. रोजच्या बोलण्यातून 'अस्थि' गेली, ती विसर्जनापुरती आणि अस्थिरोगतज्ज्ञाच्या पाटीपुरती उरली. दाताचं तसं झालं नाही. 'दंत'चा 'दात' झाला आणि ग्रीक 'ओडोंट'शी असलेलं त्याचं नातं आजही कानाला जाणवतं. ग्रीक 'पेरि' म्हणजे आपला 'परि'च. त्यामुळे 'पेरिओडोंटल'साठी आपण 'परिदंत' म्हणतो, तेव्हा भाषांतर असं फारसं करावंच लागत नाही.

आता प्रथिनांकडे. 1981 साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या दंतसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एका प्रथिनाला 'ऑस्टिओनेक्टिन' असं नाव दिलं. लॅटिन 'नेक्टेरे' म्हणजे बांधणं; हाडातलं खनिज आणि कोलॅजन यांना जोडणारं, म्हणून हे नाव. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ते केवळ हाडातलं असल्याचं सांगितलं होतं. पुढे हेच प्रथिन भ्रूणाच्या आवरणातल्या पेशींत सापडलं, गाठींमध्ये सापडलं, आणि त्याला आणखी दोन नावं चिकटली. आज जनुकांच्या यादीत ते 'स्पार्क' म्हणून आहे. हाडाचा तिथं उल्लेखही नाही.

1986 मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी 'ऑस्टिओपाँटिन' हे नाव पुढे आणलं. लॅटिन 'पोन्स' म्हणजे पूल. पेशी आणि खनिज यांच्यामधला पूल. हा 'पोन्स' संस्कृत 'पंथ'चा सख्खा नातेवाईक आहे, म्हणजे या नावाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे निघाले. पण हा पूल मूत्रपिंडात आढळतो, मूत्रात आढळतो, आईच्या दुधातही आढळतो. गंमत पुढेच आहे. हे प्रथिन खनिजाचे स्फटिक वाढू न देण्याचं कामही करतं. नाव हाडाचं नि धंदा हाड होऊ न देण्याचा!

तिसरं 'बोन सायलोप्रोटीन'. यातला 'सायलो' ग्रीक 'सियालॉन'वरून, म्हणजे लाळेवरून आला. या प्रथिनातलं सायलिक आम्ल प्रथम गाईगुरांच्या लाळग्रंथीतल्या बुळबुळीत द्रव्यातून वेगळं केलं गेलं, त्याची ही खूण. हाड आणि लाळ एकाच नावात नांदतात ते त्यामुळे. ऑस्टिओकॅल्सिन त्यातल्या त्यात इमानी: ते मुख्यतः हाड आणि दात घडवणाऱ्या पेशींतूनच येतं. हाडाचं म्हणायचं तर मी यालाच म्हणेन.

या नावांची खरी परीक्षा दाताच्या मुळाशी होते. चरकसंहितेत शरीरातल्या 360 अस्थी मोजताना 32 दात आणि 32 'दंतोलूखलं' वेगवेगळी धरली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. शब्द अचूक आहे; दात जबड्याच्या हाडात बसतो तो मुसळ उखळात उभं राहावं तसाच. मात्र उखळ आणि मुसळ यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची एक फट असते आणि तिच्यात तंतूंचा अस्थिबंध असतो. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला मुळावरचं सिमेंटम, दोन्ही कडक. हा मात्र जन्मभर मऊ राहतो.

हिरडीतल्या आणि या अस्थिबंधातल्या तंतुपेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या सारख्या दिसतात, की दिसण्यावरून निवाडा करता येत नाही. प्रयोगशाळेत वाढवल्या की त्यांचं वेगळेपण उघड होतं. अस्थिबंधातल्या पेशींत अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडाच्या पेशींची खूण असणारं विकर हिरडीच्या पेशींपेक्षा बरंच जास्त असतं. योग्य रसायनं दिली तर त्या ऑस्टिओकॅल्सिन बनवू लागतात आणि खनिजाचे कणही साठवतात. हिरडीच्या पेशींचा कल सहसा तिकडे नसतो.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. पायोरिया बरा होताना उघड्या पडलेल्या मुळावर कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर पुढचं सारं ठरतं, असं दंतसंशोधक मेल्चर यांनी 1976 मध्ये मांडलं. हिरडीच्या पेशी आधी पोचल्या तर दाताला नवा आधार मिळत नाही. म्हणून पुढे शल्यचिकित्सेत मधे पडदा घालून हिरडीला अडवण्याची पद्धत आली.

'पायोरिया' परका वाटतो खरा. पण ग्रीक 'प्यूऑन' म्हणजे संस्कृत 'पूय', आपला 'पू'. आणि 'रोइया'चं मूळ 'स्रव'शी जुळतं. म्हणजे पायोरिया म्हणजे अक्षरशः पूयस्राव. सुश्रुतानं 'दंतवेष्ट' या हिरडीच्या रोगाची लक्षणं सांगताना पू-रक्ताचा स्राव आणि हलणारे दात हेच सांगितलं आहे.

नाव सुधारून घेण्याचं शहाणपण एका प्रथिनाच्या वाट्याला आलं. 1993 मध्ये उंदराच्या हाडपेशींत सापडलेल्या या प्रथिनाचं मूळ नाव लांबलचक होतं आणि ते केवळ हाडपेशींचं असल्याचा दावा त्या नावातच होता. ते हाडावरच्या आवरणात आणि परिदंत अस्थिबंधातही भरपूर आहे असं दिसल्यावर जपानी संशोधकांनी 1999 मध्ये त्याला 'पेरिऑस्टिन' म्हटलं: 'परि' आणि 'अस्थि', दोन्ही जुनी ओळखीची. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे दात उगवतात, पण चावण्याचा भार पडू लागला की त्यांचा अस्थिबंध विस्कटतो आणि भोवतालचं हाडही झिजतं. अशा उंदरांना मऊ अन्न दिलं, तर ही हानी बरीच कमी होते.