ट्रालीचा दिवा

परवा भाच्याचा एडमंटनहून फोन आला. तिकडे उणे २८ अंश होतं, आणि साहेब गाडीला ट्रेलर जोडून घर बदलत होते. "मामा, सगळं ठीक आहे, पण ट्रेलरचे दिवेच लागत नाहीत. प्लग काढतो, फुंकतो, परत लावतो. एक लागला की दुसरा जातो." मी हसलो. म्हटलं, अरे, हा तर आपल्या समुद्रपूरचाच आजार! फोन ठेवला आणि मग रात्री झोप काही लागली नाही. म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे कापूस आधी बंडीतून जायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंत रेल्वे आली. पण शेतातून बाजारापर्यंत बंडीच. थंडीच्या रात्री जेवण करून निघायचं, पहाटे बाजारात पोचायचं. बंडीखाली कंदील टांगलेला. वात स्वतःची, तेल स्वतःचं. बैल बदला, गाडीवान बदला, कंदील आपला बंडीबरोबरच. तो विझला तर बंडीवाल्याला लगेच कळायचं, कारण बैलांच्या पायाशी अंधार व्हायचा.

मग ट्रॅक्टर आले. फरिदाबादला आयशरने १९५९ मध्ये देशात पहिला ट्रॅक्टर बनवला, १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली. १९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. खरेदी केंद्रासमोर रात्र रात्र लागलेल्या बंड्यांच्या रांगा आमच्या पिढीने पाहिल्यात. त्याच रांगेत हळूहळू ट्राल्या दिसू लागल्या. बंडीच्या कितीतरी पट माल एका खेपेत!

आता यातली गंमत बघा. ट्रालीला इंजिन नाही, बॅटरी नाही. तिचा दिवा उसना. ट्रॅक्टरच्या मागे एक गोल सॉकेट, त्यात सात पिना. १२ व्होल्टच्या या जोडणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७२४. (२४ व्होल्टच्या मोठ्या गाड्यांचं वेगळं, ११८५.) पिवळी तार डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेकचा दिवा, तपकिरी उजवा मागचा दिवा, काळी डावा, निळी जादा कामाला. आणि पांढरी म्हणजे अर्थिंग, सगळ्यांचा परतीचा रस्ता. ती तुटली की वीज ट्रालीच्या लोखंडातून, जोडणीच्या गंजक्या खिट्टीतून वाट शोधते. मग खड्ड्यात चाक गेलं की दिवे लुकलुकतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो. भाच्याचं "एक लागला की दुसरा जातो" हे बहुधा तेच.

कॅनडात थंडीने तारेवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ पिना खातं. आपल्याकडची थंडी तशी नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला, तर केवढी बातमी झाली! एवढ्याने तार तुटत नाही. आपला शत्रू दव. डिसेंबर-जानेवारीत वणेच्या काठाने पहाटे धुकं उतरतं, गार पडलेल्या सॉकेटमध्ये पाणी सुटतं, पिनांवर हिरवट थर चढतो. तो थर विजेला अडवतो. २१ वॅटच्या बल्बच्या वाटेत एका ओहमचा अडथळा वाढला तरी उजेड चांगलाच उतरतो. दिवा जात नाही, नुसता मंद होतो. आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागचं काहीच दिसत नाही.

शिवाय ट्राली एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा. सॉकेट जुळत नाही, म्हणून प्लग कापायचा आणि तारा नुसत्या पिळून टाकायच्या. मीही तेच केलं होतं.

१९८९ चा डिसेंबर. त्याच वर्षी १ जुलैपासून केंद्रीय मोटार वाहन नियम लागू झाले होते. मागे लाल दिवे, लाल परावर्तक, सगळं कागदावर आलं होतं. मी कॉलेजात, सुट्टीला घरी आलेला. मोठेबाबा म्हणाले, "लाइटं पाहून घेजो बरं." मी हिरव्या पडलेल्या प्लगकडे पाहिलं, तो कापला, तारा पिळल्या, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. दोन्ही दिवे लागले. निघालो. जामजवळ हमरस्त्यावर मागून एक लुनावाला येऊन आदळला. उतरून पाहिलं तर उजवा दिवा बंद. पिशवीत पाणी साचलेलं.

तो वाचला, पण पायाने अधू झाला. मोठेबाबांनी दवाखान्याचा खर्च केला आणि पुढे कितीतरी वर्षं सीतादहीच्या दिवशी त्याच्या घरी शिधा पोचवला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बंडीचा जुना कंदील काढला, काचेला लाल कागद लावला आणि ट्रालीच्या मागे टांगला. तेव्हा मला वाटलं, म्हातारा मागासलेला आहे. आज वाटतं, कंदील ज्याच्या गाडीचा, जबाबदारीही त्याचीच, हे त्यांना कळत होतं. सात तारांच्या जोडणीत ती जबाबदारी कुठे हरवते, कळत नाही. ट्रॅक्टरवाला म्हणतो ट्रालीचा दिवा, ट्रालीवाला म्हणतो ट्रॅक्टरची तार.

भाच्याला सांगितलं ते इथेही लिहितो. पांढरी तार वेगळी, नीट बसव, खिट्टीच्या भरवशावर राहू नको. पिना घासून त्यावर विजेच्या जोडणीसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लाव. प्लग मोकळा असेल तेव्हा तोंड खाली करून टांग. मागे लाल परावर्तक लाव, त्याला तारच लागत नाही. आणि निघताना एकाला मागे उभं करून प्रत्येक दिवा बघ. पाच मिनिटं लागतात.

त्याचा मेसेज आला, "मामा, लागले सगळे." मी विचारलं, मागे जाऊन पाहिलंस का?

म्हणाला, हो.

असो. आता झोप लागेल बहुतेक.