वैशाखाची हवा आणि विहिरीवरचे इंजिन



१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे देशी डिझेल इंजिने गावोगावच्या विहिरींवर धडधडू लागली. खानदेशात मात्र त्यांची गाठ इथल्या उन्हाशी पडली. पौषात झकास चालणारे इंजिन वैशाखात धाप टाकी, काळा धूर ओकी. आणि रावेर-यावलच्या केळीला पाण्याची खरी निकड असते ती वैशाखातच! अशा वेळी मनात येते, मिस्तरीला सांगून डिझेल वाढवून घ्यावे. इथेच गफलत होते. इंजिनाला डिझेल कमी पडत नसते, हवा कमी पडत असते.

हवा कमी कशी, असे तुम्ही विचाराल. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचे माप एक, पण वजन एक असते का? सिलिंडरची पायली ठरलेली आहे आणि तापलेली हवा लाह्यांसारखी फुगलेली असते. १० अंशांच्या थंडीत एक घनमीटर कोरडी हवा समुद्रसपाटीला सुमारे १२४७ ग्रॅम भरते, ४५ अंशांना सुमारे १११०. शंभरातले अकरा भाग गेले! जळण्याचा हिशेब तर वजनावर चालतो. एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. गव्हर्नरला हे कळत नाही. वेग घटला की तो डिझेल वाढवतो, एवढेच. ते अर्धवट जळते, काजळी होते आणि तुमचा पैसा धुराड्यातून जातो.

पेट्रोलच्या गाड्यांचे दुखणे थोडे निराळे. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाखने, तेलाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर पुढे आणला. तोही मापच ओळखतो. थंडीच्या मानाने उन्हात हवा अकरा टक्के घटते, पेट्रोल मात्र सहाच टक्के, म्हणून मिश्रण दाट होते. मिस्तरी आवाज ऐकून स्क्रू फिरवी. पहाटे लावलेला स्क्रू दुपारी चुके. १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशचे विजेवर चालणारे इंजेक्शन आले आणि हवेची उष्णता मोजून पेट्रोल ठरू लागले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतही इंजेक्शन असते.

विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला असली सोय नाही. त्याला हवा खोपटाबाहेरची, सावलीतली मिळू द्या. धुराड्याची आणि रेडिएटरची ऊब तिकडे वळू देऊ नका. हवेची जाळी साफ ठेवा. डिझेलचा स्क्रू मात्र वाढवू नका. दुपारी भार थोडा कमी करा, किंवा पाणी पहाटे भरा.

गुरुजी, वर्गात दाखवायचे असेल तर रिकाम्या बाटलीच्या तोंडाला फुगा बांधून ती ऊन पाण्यात उभी करा. फुगा वर उठतो. आत नवी हवा शिरली का, हे मुलांनाच विचारा.