जपानी भाषेचा आद्य यूरोपीय अभ्यास

सोळाव्या शतकात जपानमध्ये आलेल्या जेझुइट धर्मप्रसारकांना तेथील भाषा व शिष्टाचार शिकणे अपरिहार्य ठरले. दुभाष्यामार्फत पापनिवेदन ऐकणे अवघडच होते. त्यांच्यासाठी लिस्बनहून आणलेले मुद्रणयंत्र गोव्यात थांबून, तेथे १५८८ साली एक लॅटिन भाषण छापून, १५९० मध्ये जपानला पोहोचले. नागासाकी येथे छापलेल्या जपानी–पोर्तुगीज कोशात (१६०३, पुरवणी १६०४) सु. ३२,००० शब्द असून क्यूशूच्या बोलीतील, स्त्रियांच्या तोंडचे व काव्यातील शब्द वेगळे दर्शविले आहेत. रोमन लिपीमुळे तत्कालीन उच्चारही टिकले : आजचा ‘हाना’ (फूल) त्यात ‘फाना’ असा आढळतो.

किशोरवयात, १५७७ मध्ये जपानला आलेल्या जुआंव रॉद्रिगिशचे व्याकरण (१६०४–०८) हे या अभ्यासाचे सर्वांत मोलाचे फळ होय. साचा लॅटिन व्याकरणाचा असला, तरी आदरार्थी रूपांचे त्यातील विवेचन विस्तृत आहे. श्रोत्याचा दर्जा न ओळखता योजलेले क्रियापद केवळ अशुद्ध नव्हे, तर उद्धटपणाचे ठरे. रॉद्रिगिशला १६१० मध्ये जपान सोडावे लागले; १६१४ च्या हद्दपारीनंतर मुद्रणयंत्रही मकाऊला गेले. तेथेच त्याने संक्षिप्त व्याकरण (१६२०) प्रसिद्ध केले आणि जपानी चहापानविधीचे बारकाईने वर्णन लिहिले.