शस्त्रविद्या : ग्रंथ आणि वस्ताद

लाठी व दांडपट्टा यांची पुस्तके, चित्रे आणि चित्रफिती आज मालेगावात घरबसल्या पाहावयास मिळतात. मग आखाड्यात जाऊन वस्तादाचे बोल कशास ऐकावे, असे आपल्या तरुण ज्ञातिबांधवांस वाटल्यास नवल नाही. या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारे करणे आम्हांस इष्ट वाटते.

या विद्यांवर आपल्याकडे ग्रंथ नव्हते असे नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लविद्येचे वर्णन असून खांबावरील मेहनतीचाही उल्लेख आहे. तथापि मल्लखांबाचे आजचे रूप दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांच्यापासून शिष्यपरंपरेने चालत आले. खांबाचे नाव ग्रंथात राहिले. अढी मात्र गुरूने शिष्यास खांबावर चढवूनच शिकविली.

दांडपट्ट्याचेही तसेच. पट्टा धरणारा हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी आवरणात असतो. त्यामुळे तलवारीप्रमाणे मनगट वळत नाही. खांदा, कंबर व पाय यांच्या बळावर वार फिरवावा लागतो. चित्रात पात्याची एक जागा दिसते. तेथून दुसऱ्या जागी जाताना अंगाचा भार कोणत्या पायावर गेला, हे दिसत नाही. तेथे चूक झाली तर पाते आपल्याच अंगावर येते. अशा वेळी पुस्तक 'थांब' म्हणत नाही, वस्ताद म्हणतो. आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालविले. कित्ता पुढे ठेवूनही मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे लागतेच.

परंतु ग्रंथाची थोरवीही मान्य केली पाहिजे. वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो, असे आपण ऐकत आलो आहोत. असा राखलेला डाव त्याच्याबरोबरच चितेवर जातो. म्हणूनच द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यास 1936 ते 1949 या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे 10 खंड सिद्ध केले, ते मोठेच उपकार होत. आपल्या वऱ्हाडात वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दुसरी बाजू सांभाळली. तेथे विद्या प्रत्यक्ष मैदानावर शिकविली गेली, आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ परदेशीयांस दाखविले.

सारांश, ग्रंथ ही विद्येची स्मृती होय, आणि वस्ताद हा तिचा प्राण. ज्ञातीतील ज्या घरी लाठी वा पट्टा खेळलेले वृद्ध आज हयात आहेत, त्या घरच्यांनी त्यांचे हात, पवित्रे व त्यांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. आणि त्याच घरची मुले, मुलींसह, त्यांच्यापुढे मैदानावर उभी करावीत. वही पुढील वर्षीही लिहिता येईल; वस्ताद तोवर थांबेलच असे नाही.