जड पाण्याच्या गावातली कॉफी

१९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने बॉयलर कशाला म्हणायचं ते एका आकड्याने ठरवून टाकलं. दाबाखाली वाफ तयार करणारं बंद भांडं पाच गॅलनपेक्षा, पुढच्या दशमान हिशेबात २२.७५ लिटरपेक्षा, मोठं असेल तर तो बॉयलर. मग त्याची नोंदणी आली, ठरावीक मुदतीची तपासणी आली, दाखला आला. त्याहून लहान असेल तर कायद्याच्या लेखी ते नुसतं भांडं. सोलापूरच्या कापडगिरण्यांचे बॉयलर या रेषेच्या कितीतरी पलीकडे. हॉटेलातल्या कॉफीयंत्राचा बॉयलर सहसा दहा-पंधरा लिटरांचा, म्हणजे अलीकडेच राहिलेला. त्याची विचारपूस करायला सरकारी निरीक्षक येणार नव्हता. ती मालकाने, आचाऱ्याने नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीने करायची. केली तर.

बॉयलरची समज मात्र या गावाला कमी नव्हती. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, मागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर उठू-निजू लागलं. भोंगा वाजायचा वाफेवर, आणि वाफ व्हायची ती काळ्या पाषाणाच्या मुलखातल्या जड पाण्याची. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना वेगळा होतो आणि पत्र्याला धरून बसतो. त्या थरातून उष्णता नीट जात नाही. कोळसा जास्त जळतो, वाफ कमी मिळते, आणि दुर्लक्ष झालं तर पत्रा तापून फुगतो. म्हणून बॉयलर थंड करून, वरच्या भोकातून माणूस आत उतरवून, हातोडीने खपल्या पाडाव्या लागत. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत आजही हंगामाआधी ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होतं. पूजा, नारळ, संचालक मंडळ, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. त्याआधी नळ्या घासणाऱ्यांचा फोटो छापून आल्याचं कुणाला आठवणार नाही.

पेयांच्या बाबतीत सोलापूर चहाचं गाव. तीन पाळ्यांत राबणाऱ्या गावाला चहाच परवडे, आणि चहावाल्यांनी त्यासाठी कष्टही घेतले होते. १९०३ च्या चहा उपकराच्या पैशातून पुढे देशभर प्रचार झाला, कारखान्यांत आणि स्टेशनांवर चहाची दुकानं लागली. कॉफीसाठी असला खटाटोप उशिरा सुरू झाला. कॉफी उपकराच्या पैशातून मुंबईत पहिलं कॉफी हाऊस निघालं ते १९३६ मध्ये. सोलापूरकडे कॉफी आली ती रुळांवरून आणि माणसांबरोबर. १८६० मध्ये मुंबईची रेल्वे सोलापूरला पोचली, १८७१ मध्ये ती रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जोडली गेली, आणि १८८४ मध्ये होटगीहून गदगकडे मीटरगेज फाटा निघाला. चहा पिणारा मुलूख आणि कॉफी पिणारा मुलूख यांच्या मधोमध हे स्टेशन आलं. विजापूर-धारवाडकडची माणसं, मागून उडुपी पद्धतीची हॉटेलं, आणि त्यांच्याबरोबर पितळी फिल्टर.

या फिल्टरपासून कॉफीच्या सामानाची निगा हा स्वतंत्र उद्योग झाला. वरच्या भांड्याला बारीक भोकं, त्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, खालच्या भांड्यात डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरतं. भोकं कॉफीच्या तेलाने आणि भुकटीने बुजतात आणि थेंब थांबतो. स्टीलचा फिल्टर आला तेव्हा लोकांनी सोपा उपाय शोधला: कोरडा करून गॅसच्या ज्योतीवर धरायचा, आत अडकलेलं जळून जातं. पितळी फिल्टरला हे चालत नसे. त्याच्या आतल्या कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. ज्योतीवर धरला तर भोकं मोकळी होण्याऐवजी वितळलेल्या कथलानेच बुजायची. तिथे चिंच, काथ्या आणि चिकाटी.

कल्हईवाला हा हॉटेलच्या भांड्यांचा पहिला तंत्रज्ञ म्हणायला हरकत नाही. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक गरागरा हात. काळपट पितळ क्षणात रुपेरी. घरातल्या भांड्याला वर्षाकाठी एकदोनदा कल्हई पुरत असे. दिवसभर चुलीवर असणाऱ्या हॉटेलच्या पातेल्याला ती लवकर लागे. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकायचा आणि पिणाऱ्याला जिभेवर कळायचं. हॉटेलची परीक्षा गिऱ्हाईक जिभेने करी, पत्रक लावण्याची गरज नव्हती. स्टेनलेस स्टील आलं आणि हा माणूस गल्लीतून दिसेनासा झाला.

दुसरा माणूस स्टोव्ह दुरुस्त करणारा. १८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने वात नसलेला, दाबावर चालणारा स्टोव्ह बनवला आणि त्याचं ‘प्रायमस’ हे नाव मराठी घरांत स्टोव्हचंच दुसरं नाव होऊन बसलं. रॉकेलात कचरा असायचाच, त्यामुळे बर्नरचं छिद्र तुंबायचं. पिन मारणं हे रोजचं काम. चामड्याचा वायसर वाळला की पंप हवा धरत नसे, मग त्याला तेल पाजायचं. वायसर, पिन, बर्नर, नळी. या चार शब्दांवर एका माणसाचं पोट चालत असे. पुढे कॉफीयंत्र उघडायला जे हात पुढे झाले त्यांची शाळा ही.

कपाच्या धुण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो फारसा गोड नाही. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप बाहेर टांगलेले असत. ज्याने प्यायलं त्यानेच धुऊन परत ठेवायचं. स्वच्छतेच्या नावाखाली चाललेला हा प्रकार १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने शिक्षेस पात्र ठरवला. सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. त्याच दशकात बंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूम्सचे यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोप पाहून आले आणि कप-चमचे वाफेने निर्जंतुक करू लागले. तीच वाफ आलेल्या प्रत्येकाचा कप सारखाच धुते. हॉटेलच्या सामानातली ही सुधारणा कॉफीच्या चवीपेक्षा मोठी मानायला हवी.

यंत्र म्हणतात ते सोलापुरात लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा लग्नात. १९८०-९० च्या दशकांतल्या रिसेप्शनांत एका कोपऱ्यात चकचकीत यंत्र, त्याच्यामागे पांढरा कोट घातलेला मुलगा, समोर रांग. कपात झटपट कॉफीची पूड आणि साखर घोटून ठेवलेली, वरून दूध, मग नळीची तोटी उघडल्याचा फिस्कारा आणि कप भरून फेस. त्यावर चॉकलेट पावडरची चिमूट. नाव ‘एस्प्रेसो’, बोली भाषेत ‘एक्स्प्रेसो’. इटलीतल्या मूळ एस्प्रेसोशी तिचं नातं वाफेपुरतंच. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं, देसिदेरियो पावोनीने १९०५ पासून ते बनवायला घेतलं, अकिले गाजियाने पुढे दांड्याने दाब वाढवून कॉफीवर साय आणली, आणि १९६१ च्या फाएमा ई-६१ ने ते काम विजेच्या पंपाकडे सोपवलं. आपल्याकडच्या लग्नातल्या यंत्राला यातलं काहीच लागत नव्हतं. तो एक छोटा बॉयलर होता, दूध फेसाळण्यासाठी. खरं तर नळी लावलेला बंबच. तरी दीड रुपयाच्या पुडीतली कॉफी त्या फिस्काऱ्यामुळे पाहुण्यांना परदेशी वाटायची, हे त्या यंत्राचं यश नाकारता येत नाही.

त्याची निगा राखणं सोपं नव्हतं. वाफ बंद करून यंत्र निवलं की आतली वाफ आकसते, पोकळी तयार होते, आणि नळीचं टोक दुधात बुडालेलं राहिलं असेल तर बॉयलर ते दूध आत ओढून घेतो. पुढच्या लग्नात पहिल्या कपालाच वास. म्हणून जाणकार केटरर प्रत्येक कपानंतर नळी ओल्या फडक्याने पुसायला आणि एकदा कोरडी वाफ सोडायला लावत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वर एक सुरक्षा झडप असते, दाब हद्दीबाहेर गेला की उघडणारी. जड पाण्याच्या वाफेबरोबर क्षाराचे कण येतात, झडपेच्या बैठकीवर बसतात, आणि झडप चिकटते. दाबमापकाची काच धुकटलेली, काटा कुठे आहे ते कुणी पाहत नाही, वर मंगलाष्टकांची गर्दी. गिरणीत यासाठी परवानाधारक अटेंडंट असे आणि निरीक्षकाची भेट असे. इथे पाच गॅलनच्या अलीकडची मोकळीक. ती रेषा कायद्याच्या सोयीसाठी आखलेली होती. वाफेला ती माहीत नाही.

यंत्र बिघडलं की जायचं कुणाकडे? गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण फिटर, टर्नर, वेल्डर शहरात राहिले, यंत्रमागांच्या शेडमध्ये आणि छोट्या वर्कशॉपमध्ये. तांब्याच्या नळीला डाग देणं, पितळी तोटीची चाकी घडवून देणं, रबरी चकती कापून बसवणं ही कामं त्यांच्यासाठी नवी नव्हती. बॉयलरमधला क्षार काढायला त्यांनी वापरलं ते पापड-सरबताच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. गरम पाण्यात घालून भरून ठेवायचं, फेस थांबेपर्यंत थांबायचं, दोनतीनदा धुवायचं. आजी चिंचेने बंब घासत असे तेव्हा रसायनशास्त्र हेच होतं, फक्त आम्ल वेगळं.

आता शहरात कॅफे निघाले आहेत आणि खरं एस्प्रेसो यंत्र आलं आहे: नऊ बार दाबाचा पंप, नव्वद अंशांच्या थोडं वरचं पाणी, तापमान राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. लाखांत किंमत. आणि त्याची गाठ पडते त्याच जुन्या पाण्याशी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतं. कॉफीच्या व्यावसायिकांची अमेरिकी संस्था सांगत आली ते कॅल्शियमच्या जडपणाचं प्रमाण १७ ते ८५ च्या दरम्यान. म्हणजे माणसाला निर्धोक असलेलं पाणी यंत्राला घातक ठरू शकतं. सोलापुरात तर नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं लोकांनी वर्षानुवर्षं अंगवळणी पाडून घेतलं आहे. १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या एकरुख तलावापासून शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणापर्यंत शहराने पाण्यासाठी हात लांबवले, तरी मधले दिवस टँकर आणि बोअरवरच निघतात. सोमवारी नळाचं, गुरुवारी बोअरचं. फिल्टर किती लिटर चालेल याचा कंपनीने छापलेला आकडा असल्या मिश्रणापुढे निरुपयोगी होतो.

मग काहीजण सरळ आरओ लावतात आणि निश्चिंत होतात. तिथेही गंमत आहे. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी एक धातूची कांडी असते. पाण्यातून वीज वाहते यावर तिचं काम चालतं. पाणी फारच निर्मळ झालं तर वीज नीट वाहत नाही, कांडीला पाणी दिसत नाही, आणि यंत्र भरतच राहतं. असं पाणी तांब्याच्या भांड्यालाही हळूहळू खातं. म्हणून आरओच्या पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळावं लागतं. किती, ते पाणी मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायची वीस-तीस कागदी पट्ट्यांची डबी यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही.

रोजची कामं त्या मानाने किरकोळ आहेत. रात्री बिनभोकांची चकती लावून पाणी उलटं फिरवणं, गॅस्केट कडक झालं का ते बोटाने दाबून बघणं, दळण्याच्या पात्यांत साचलेली तेलकट पूड झाडणं. आणि वाफेच्या नळीवरचं फडकं. ते म्हणजे बहुतेक ठिकाणी सोलापुरी टॉवेलच. चादरीप्रमाणे या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. जाहिरातीतल्या बरिस्ताच्या खांद्यावरचं फडकं मात्र कायम कोरं असतं.

खंडेनवमीला माग, लेथ, रिक्षा यांच्याबरोबर कॉफीयंत्रालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ चढते. त्या दिवशी यंत्र बंद असतं, म्हणजे पाणी रिकामं करून बॉयलर उघडायला वर्षातला सगळ्यात सोयीचा दिवस तोच. पूजेआधी ते काम उरकून घ्यावं.

लग्नातली ती जुनी यंत्रं एव्हाना केटररांच्या माळ्यावर गेली आहेत, आणि तिथून भंगारात, तांब्या-पितळेच्या वजनावर. त्यांच्या मिस्त्रींची नावं कुठे लिहिलेली नाहीत, बिलंही नाहीत. एखाद्या वाचकाच्या घरी किंवा गोदामात असं यंत्र असेल तर काट्यावर टाकण्याआधी त्याचं झाकण उघडून आत बघावं. क्षाराचे थर, डाग दिलेली नळी, हाताने कापलेली रबरी चकती: सोलापूरच्या कॉफीचा दप्तरी पुरावा तेवढाच उरला आहे.