अंतेवासी : मावळातून एक टिपण

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागले की बेडशाची लेणी येतात. चैत्यगृहाचे उंच स्तंभ पाहायला अभ्यासक डोंगर चढतात. तिथल्या एका लहान स्तूपाजवळच्या प्राकृत लेखापाशी मात्र थोडेच थांबतात. हा स्तूप गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या भिक्षूचा असून तो त्याचा अंतेवासी आसाळमित याने करविला, एवढेच त्यात नोंदवले आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. ज्ञानव्यवहारातील ऋणनिर्देशाचा इतका जुना पुरावा आमच्याच तालुक्यात असावा, याचे आम्हां अध्यापकांना अप्रूप वाटते.

याच बेडशातील दुसऱ्या लेखात महारठिणी सामडिनिका हिच्या दानाची नोंद आहे. तिची ओळख मात्र कोणाची कन्या आणि कोणाची पत्नी अशी दिली आहे. घाट उतरून कोकणातल्या कुडा लेण्यांत गेले, की पदुमनिका ही भिक्षुणी तिच्या शिष्यांसह, बोधी आणि आसाळमिता यांच्यासह, दान देताना दिसते. स्त्रीलाही अंतेवासिनी असू शकतात, हे दगडावर कोरले गेले होते. पुढे हे सान्निध्य कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हाच आपल्या विद्याव्यवहाराचा खरा इतिहास आहे.

आधुनिक काळातील त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. तळेगाव दाभाडे येथील त्यांच्या बंगल्यामुळे मावळाशी त्यांचे नाते आहेच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना सेलिग्मन भेटले, पुढे लंडनमध्ये कॅनन. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाची प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. शिष्याचे म्हणणे न पटताही त्याला विद्वानांच्या सभेत पुढे आणणे, हे मार्गदर्शकाचे काम या प्रस्तावनांतून दिसते. मात्र या दोन्ही प्रस्तावनांच्या आधी, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून अध्यापन करीत असताना, याच विद्वानाने प्राध्यापकांसाठीच्या माठातले पाणी प्यावे की नाही याविषयी आक्षेप घेतला गेला होता. पदवी होती, पद होते. सहकाऱ्यांच्या पंक्तीतली जागा नव्हती.

त्यामुळे बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय उभारले, तेव्हा तिथे केवळ विद्यार्थी नव्हे, अध्यापकही घडले. नागसेनवनातल्या त्या परिसरात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांनी अध्यापन केले. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे भान घेऊन. पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लिहू पाहणाऱ्या एका पिढीला संपादक दिला. नवख्या लेखकाचा मजकूर गांभीर्याने वाचणारा संपादक हाही मार्गदर्शकच असतो.

पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी २०१३ मधील निधनापर्यंत हाच प्रश्न वर्गात उचलला. २०१० मधील एका निबंधाच्या शीर्षकात त्यांनी जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचे नाव घेतले आणि ज्ञान कोणाच्या भाषेत दिले जाते, वर्गात कोण गप्प राहते, याची चिकित्सा केली. विद्यार्थ्याची उणीव शोधण्याऐवजी त्यांनी अध्यापनाचीच तपासणी केली.

शासकीय प्रयत्नही झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यापक-विकास योजनेत संशोधनासाठी रजा मिळे आणि पर्यायी अध्यापकाच्या वेतनाची सोय होई. १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे शब्द आपल्या बोलण्यात रुळले. २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद झाली आणि प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार अशी पीएच. डी. विद्यार्थ्यांची मर्यादा राहिली. मर्यादा गैर नाही. पण जागा मोजक्या असल्या की त्या आधी ओळखीच्यांना मिळतात, हा अनुभव जुनाच आहे.

आम्ही लोणावळा-पुणे लोकलने ग्रंथालये गाठणारे. आमच्यात घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले आहेत, संसार सांभाळून रात्री टिपणे काढणाऱ्या भगिनी आहेत. आमच्यापैकी एकीला एका ज्येष्ठांनी, 'आधी संदर्भ द्यायला शिका, मग या,' असे सांगून परत पाठवले. कोणाकडे शिकायचे, ते सांगितले नाही. शेवटी तिला तळटीप कशी द्यायची हे दाखवले ते तिच्यासारख्याच अर्धवट प्रबंध घेऊन फिरणाऱ्या एका सहकाऱ्याने, कामशेत ते शिवाजीनगर या प्रवासात.

अशी शिकवणी कोणत्याही प्रमाणपत्रावर येत नाही. तरीही तिचा प्रबंध पूर्ण झाला, तेव्हा ऋणनिर्देशात त्या सहकाऱ्याचे नाव पहिले होते.