पिशवीतली सुरी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा चार पाने लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात एखादे प्रवासवर्णन असावे. मी "सुरीवर लिहिते" म्हटल्यावर त्या दचकल्याच. "विळीवर लिहा ना," म्हणाल्या, "बायकांना ते जवळचे." पण मला लिहायचे आहे ते स्वयंपाकघरात राहणाऱ्या सुरीबद्दल नव्हे. घराबाहेर पडताना जी जवळ असावी, त्या लहानशा, न मिटणाऱ्या सुरीबद्दल.

याला कारण घडले ते पुष्कळ भगिनींनी पाहिलेले आहे. गेल्या ज्येष्ठात आपल्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर मागे बसलेल्या एका तरुण बाईचा पदर मागच्या चाकात गेला. गाडी आडवी झाली, आणि गळ्याभोवतीचा पदर असा आवळला गेला की तिला श्वास घेता येईना. चाक उलटे फिरवून पाहिले, पण कापड आत घट्ट बसलेले. एका विद्यार्थ्याने खिशातून मिटणारा चाकू काढला. तो गंजला होता. नखाने पाते ओढता ओढता त्याचे नख मोडले, पण चाकू उघडला नाही. शेवटी कोपऱ्यावरचा शहाळेवाला कोयता घेऊन धावला. त्याने पदर कापला आणि बाई वाचली, पण त्या दांडग्या कोयत्याचे टोक तिच्या खांद्याला लागून सात टाके पडले. त्यात त्या भल्या माणसाचा काय दोष? मिटणारा उघडेना आणि मोठा आवरेना, असा तो प्रसंग होता. मी मात्र दोन्ही हात रिकामे घेऊन उभी होते. घरात चार सुऱ्या, पण दोन जिने वर.

पुढच्या सोमवारी मंडळात हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, "अहो काकू, बाईमाणसाच्या पिशवीत सुरी शोभते का?" दुसऱ्या म्हणाल्या, "का शोभू नये? चांगली लांब, टोकदार ठेवावी. चार लोकांना धाक तरी बसेल." मला दोन्ही बोलणी पटली नाहीत, पण त्या दिवशी उत्तरही सुचले नाही. शाळेत चाळीस वर्षे इतिहास शिकविल्यामुळे माझी खोड अशी, की उत्तर सुचले नाही म्हणजे मागे वळून पाहावे. तसे पाहिले तेव्हा जे सापडले ते येथे मांडते.

सप्टेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, बर्फात गोठून राहिलेला एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ठरला. त्याच्यापाशी तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होते, आणि होती एक लहानशी सुरी. पाते गारगोटीचे, मूठ लाकडाची, आणि वर झाडाच्या सालीच्या तंतूंचे विणलेले म्यान. मुठीसकट लांबी सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीहूनही कमी. पुन्हा पुन्हा धार काढून त्याची हत्यारे झिजत आलेली होती. पाच हजार वर्षांत माणसाने पुष्कळ शोध लावले, पण लहान पाते, हातात मावणारी मूठ व म्यान ही रोजच्या सुरीची ठेवण मुळीच बदललेली नाही.

मग सुरी पुरुषाचीच काय? तसेही नाही. स्वीडनमध्ये बिर्का नावाचे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे व्यापारी नगर होते. तेथील स्त्रियांच्या कबरी उकरल्या तेव्हा खांद्याशी वस्त्र अडकविण्याचे पदक, किल्ल्या, आणि त्यांच्या जोडीला लहान सुरी अशा वस्तू मिळाल्या. किल्ली हे घराच्या अधिकाराचे चिन्ह आणि सुरी घरकामाची सोबतीण. दोन्ही अंगावर वागवायच्या. आपल्याकडच्या आज्या तरी काय करीत? कमरेच्या चंचीत पान, सुपारी, चुना आणि अडकित्ता. अडकित्ता हेही पोलादी धारेचे हत्यारच. पण तो पाहून कोणी "बाईला शोभते का" असे विचारले नाही, कारण त्याचे काम सर्वांना ठाऊक होते. कोकणात रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडीत कोयती अडकविलेली असते, आणि तिच्याकडेही कोणी संशयाने पाहत नाही.

याच्या उलट उदाहरण जपानचे. तेथील सामुराई घराण्यांतील स्त्रिया 'काइकेन' नावाचा लहान खंजीर बाळगीत. तो संकटात शत्रूवर चालविण्यासाठी, आणि प्रसंग पडल्यास स्वतःवरही. ते काम संपले, आणि आज काइकेन उरला आहे तो पारंपरिक विवाहवेषातील नवरीच्या कमरपट्ट्यात, शोभेपुरता. भीतीसाठी घेतलेले शस्त्र शेवटी दागिना झाले, पण कामासाठी घेतलेली सुरी अजून काम करीत आहे. मंडळातल्या त्या दुसऱ्या बाईंना माझे उत्तर हेच. शिवाय लांब टोकदार सुरी आपल्या हातून हिसकावून घेतली गेली, तर ती आपल्यावरच उलटते.

आता मुलींच्या हाती सुरी विश्वासाने दिली गेली ती हकीगत सांगते. मला ती सर्वांत आवडली. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन (१८४९–१९०७) नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. त्यांचे मामा ऑगस्ट अब्राहमसन यांची 'नेस' नावाची जहागीर होती. तेथे १८७५ च्या सुमारास शिक्षकांसाठी वर्ग सुरू झाला. विषय होता 'स्लॉइड', म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण. मुलाला सुतार करायचे नव्हते. डोळा, हात व बुद्धी यांची जोड घालून द्यायची होती. पटाशी, करवत, रंधा ही सारी हत्यारे होती, पण सालोमन यांनी पहिला मान सुरीला दिला. त्यांचे म्हणणे असे, की सुरी मुलाने घरी पाहिलेली असते, म्हणून ओळखीच्या वस्तूपासून आरंभ करावा. पहिले धडे अगदी साधे: लाकूड तासून फुलझाडाला आधार देणारी काडी करायची. नेसला देशोदेशींच्या शिक्षिकाही येऊ लागल्या. अमेरिकेत बोस्टन येथे पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंनी या शिक्षणाला आश्रय दिला, आणि १८८८ साली तेथे गेलेले गुस्ताफ लार्सन यांनी शिक्षक तयार केले. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिचाही गाभा 'हातातून शिक्षण' हाच होता. तेथे हत्यार मात्र चरखा व टकळी.

या स्लॉइडच्या सुऱ्या ज्या भागात पुष्कळ झाल्या, तो मोरा गावाचा परिसर. तेथील ओस्टनोर या खेड्यात फ्रॉस्ट एरिक एर्सन हा गृहस्थ अमेरिकेत लाकूडकटाईच्या कामावर राहून परतला, आणि १८९१ साली त्याने कारखाना काढला. आरंभी लाकूड वाहण्याच्या घसरगाड्या हाच मुख्य माल होता, सुऱ्या त्याच्या जोडीला. पुढे सुरीनेच नाव कमावले. तांबड्या रंगाची लाकडी मूठ, चारेक इंचांचे पाते. जुन्या पद्धतीच्या पात्यात मधोमध कठीण पोलादाचा थर आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. त्यामुळे धार टिकते आणि पाते सहसा मोडत नाही. शेतकरी, सुतार, कोळी, शाळकरी पोर, साऱ्यांच्या हाती तीच सुरी, आणि किंमत गरिबाला परवडणारी.

सुरीच्या गंजावर उपाय निघाला तो इंग्लंडातील शेफिल्ड येथे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातले, आणि न गंजणारे पोलाद मिळाले. आपली स्टीलची भांडी त्याच कुळातली. अणकुचीचा प्रश्न तर त्याहून जुना. १६६९ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने भांडणे-मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून टोकदार सुऱ्यांना मनाई केली व टोके घासून गोल करविली. जेवणाच्या टेबलावरची सुरी आज बोथट टोकाची असते, तिच्यामागे असा इतिहास आहे.

इतके वाचल्यावर मी माझी निवड केली. ती करताना स्वतःला एकच प्रश्न विचारला: ही सुरी कोणते काम करणार? पदर, दोरी, सुतळी, गोणीचे तोंड, फळ. काम ठरले तशी सुरीही आपोआप ठरत गेली.

पाते तीन इंच, फार तर साडेतीन. त्याहून मोठे असले तर गळ्याजवळ चालविता येत नाही, हे आपण पाहिलेच. पाते न मिटणारे, कारण घाबरलेल्या माणसाला एका हाताने चालविता आले पाहिजे. पात्याचे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे. नुसते थोडेसे आत खोचलेले नको, जोर लावताच ते हलू लागते. धार एकाच अंगाला असावी, म्हणजे पाठीवर अंगठा टेकता येतो. टोक गोलसर असावे, म्हणजे कापड आणि कातडी यांच्यामध्ये पाते सरकविता येते. मूठ चारही बोटे मावतील इतकी, ओल्या हातातूनही न निसटणारी. म्यान असे घट्ट, की पिशवी उलटी केली तरी सुरी बाहेर पडू नये. माझ्या मते सुरीपेक्षा म्यानच अधिक पारखून घ्यावे, कारण पिशवीत हात आपलाच जातो आणि नातवंडांचाही.

पोलाद कोणते? पावसाळ्यात विसरून जाणारीने न गंजणारे घ्यावे. साधे पोलाद सहाणेवर लवकर धार घेते, पण कैरी कापून तसेच ठेवले तर काळे पडते. पुसून कोरडे करण्याची सवय असेल तरच ते घ्यावे.

कायद्याचेही सांगून ठेवते. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियम यांप्रमाणे, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी, ती घरकामाची वा शेतीची नसेल तर, शस्त्रांच्या यादीत येते. आपली तीन इंची सुरी त्यात बसत नाही. तरी विमानात हातातल्या सामानात ती चालत नाही, कचेरी-न्यायालयात नेऊ नये, आणि पोलिसांचा मनाई हुकूम असेल त्या दिवशी घरीच ठेवावी. खटका दाबताच उघडणारा चाकू तर मुळीच घेऊ नये. त्याला काम थोडे आणि संशय फार.

मी परदेशी सुरी मागविली नाही. आठवडे बाजारात बसणाऱ्या लोहाराला कागदावर आकृती काढून दिली. त्याने जुन्या ट्रकच्या कमानीचे पोलाद घेतले व बाभळीची मूठ बसविली. "बाई, टोक काढू का?" असे त्याने तीनदा विचारले. चौथ्यांदा मी कारण सांगितले, तेव्हा त्याने मुकाट्याने टोक गोल केले. म्यान चांभारदादांनी जाड चामड्याचे शिवून दिले. तेव्हापासून ती पिशवीत आहे. सुतळी कापते, पेरू चिरते. संक्रांतीला कडुनिंबावर मांजात अडकलेले पारवे आमच्या शेजारच्या मुलाने खाली आणले, तेव्हा त्याच्या पंखाखालचा दोरा याच सुरीने कापला. इतक्या जवळ कात्रीही गेली नसती.

त्याच हळदीकुंकवाला ती स्कूटरवरची मुलगी आपल्या मंडळात आली होती. खांद्यावरचा व्रण पदराने झाकलेला होता. मी सुरी दाखविली तेव्हा तिला म्यानातून काढायचे धैर्य होईना. मग हळूच काढली, पाठीवर अंगठा ठेवून पाहिला, आणि म्हणाली, "काकू, एवढीच पुरली असती." एवढे बोलून तिने लोहाराचा पत्ता लिहून घेतला.

"बाईमाणसाच्या पिशवीत सुरी शोभते का?" असे विचारणाऱ्या बाई तेथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बाजाराला त्या माझ्याबरोबर लोहाराकडे आल्या, हे त्यांच्या परवानगीने येथे नमूद करते.